आयसीयूच्या सिस्टरांना पाच तारे, वॉर्डाला दोन

बायकोच्या दवाखान्याच्या तीन लाख शहाऐंशी हजार दोनशे चाळीस रुपयांच्या बिलात नर्सिंगची ओळ शोधायला मला चष्मा दोनदा पुसावा लागला. सापडली ती चौथ्या पानावर. आयसीयूचे पाच दिवस, दर दिवसाचे १,५००. वॉर्डाचे चार दिवस, दर दिवसाचे ५००. एकूण ९,५००. शंभर रुपयांत अडीच रुपयेसुद्धा नाहीत. त्याच पानावर हातमोजे, सिरिंजा, नळ्या वगैरे किरकोळ माल ४१,३००. मी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, आधी मिलमध्ये आणि ती बंद पडल्यावर सियागंजात किराणा मालाच्या एका व्यापाऱ्याकडे. त्यामुळे कोणत्या रकमेसमोर थांबायचं हे मला कळतं. या बिलात मी त्या साडेनऊ हजारांसमोर थांबलो.

दवाखान्याचं नाव टाकत नाही. पुढे वॉर्डाबद्दल वाईट लिहिलंय आणि या वयात वकिलाच्या नोटिशीला उत्तरं लिहायची हौस नाही. इंदुरात असे मोठे खासगी दवाखाने पुष्कळ आहेत. ज्याला कोणी आपलं माणूस न्यायचंय त्याने हे वाचून कुठेही गेल्यावर काय बघायचं ते बघावं, तेवढ्यासाठी हे लिहितोय.

तर, ९ जानेवारी. हिचं वय सहासष्ट, मधुमेह सतरा वर्षांचा. तीन दिवस लघवीला जळजळ होत होती. धण्या-जिऱ्याचं पाणी चालू होतं, शिवाय मेडिकलवाल्याला विचारून आणलेली एक गोळी. (ती गोळी मी आणली होती. हे वाक्य घरात कोणी उच्चारत नाही, म्हणून इथे लिहून टाकतो.) त्या सकाळी तिने पोहे केले. मीठ नाही. इंदूरच्या बाईने बिनमिठाचे पोहे करावेत हेच खरं तर पहिलं लक्षण होतं, पण मी वरून जीरावन मसाला भुरभुरला, शेव घातली आणि पेपर वाचत बसलो. साडेनऊच्या सुमारास ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "दादा, चहा टाकू का?"

एक्केचाळीस वर्षं मी "अहो" आहे. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याला जाऊन बारा वर्षं झाली.

थर्मामीटर लावला तर ९७. ताप नाही, म्हणजे जंतूंचं काही नाही, असं मी मनाशी ठरवलं. साखर कमी झाली असेल म्हणून मशीन लावलं तर ३१२. तेव्हा भाचीला फोन केला. ती सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. तिने तापाचं ऐकूनच घेतलं नाही. "मामा, म्हाताऱ्या माणसाला कधीकधी ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं. मामीचा श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून." मी मोजला. तीस. भाची म्हणाली, "लघवीचं इन्फेक्शन आहे, बरळतेय आणि श्वास तीस आहे. आता रिक्षा बोलवा, आंघोळ-बिंघोळ काही नाही."

कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हा दहा पस्तीस झाले होते. तिथे पहिल्यांदा जी सिस्टर भेटली तिला मी मनात पाचपैकी पाच तिथल्या तिथे दिले. आमच्या आधी एक पोरगा होता, बाईकवरून पडलेला, नडगीतून रक्त वाहत होतं आणि सोबत आरडाओरडा करणारे चौघे मित्र. कोणालाही वाटेल की तो जास्त गंभीर. सिस्टरने त्याला कापूस दाबून धरायला सांगितला आणि आमच्याकडे वळली. हिला नाव विचारलं, तारीख विचारली. हिने नाव बरोबर सांगितलं आणि तारखेच्या जागी "मंगळागौर" म्हणाली. सिस्टरने छातीकडे बघत स्वतःच्या घड्याळावर एक मिनिट श्वास मोजला. मशीनवर बोटाचा चिमटा लावून मोकळी झाली नाही. मग बीपी, ८४ आणि ४६. ती मागे वळून डॉक्टरला म्हणाली, "सर, सेप्सिस मानके चलते हैं।"

हा शब्द मी तोवर मृत्यूच्या दाखल्यांवर वाचलेला. नंतर भाचीने समजावलं ते असं: जंतू शिरले एवढ्याला सेप्सिस म्हणत नाहीत. जंतूंशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि ते स्वतःचेच अवयव मोडायला लागतं, तेव्हा तो सेप्सिस. २०१६ पासून डॉक्टर लोक हीच व्याख्या धरतात. त्यात सलाईन भरूनही बीपी सावरलं नाही, ते धरून ठेवायला औषध लावावं लागलं आणि रक्तातलं लॅक्टेट नावाचं आम्ल दोनच्या वर राहिलं, तर सेप्टिक शॉक. शॉक म्हणजे धक्का नव्हे. रक्त अवयवांपर्यंत पोचतच नाही, असा अर्थ.

दोन हातांतून दोनदा रक्त घेतलं, चार बाटल्यांत भरलं. हे कल्चरचं, कोणता जंतू ते शोधायला. ते अँटिबायोटिकच्या आधीच घ्यायचं असतं, पण त्यासाठी अँटिबायोटिक खोळंबू द्यायचं नाही. सिस्टरने दोन्ही गोष्टी जमवल्या. बाटल्यांची बुचं स्पिरिटने पुसली, वाळू दिली, मग सुई टोचली. पहिलं अँटिबायोटिक चढलं अकरा वाजून तेरा मिनिटांनी. दारातून आत आल्यापासून अडतीस मिनिटं. शॉकची शंका असेल तर तासाच्या आत, असा नियम आहे म्हणतात. त्या अडतीस मिनिटांत माझं फॉर्म भरणं पूर्ण झालं नव्हतं.

सलाईनचा हिशेब तिने हातमोज्यावर पेनने मांडला. वजन ५८, गुणिले ३० मिली, १,७४० मिली, पहिल्या तीन तासांत. एकदम मात्र ओतलं नाही. प्रत्येक पाचशेनंतर छाती ऐकायची, श्वास वाढतोय का बघायचं, मग पुढची बाटली. कारण कमकुवत हृदयात पाणी जास्त झालं की ते फुप्फुसात साठतं.

बीपीचं एक गणित तिथेच शिकलो आणि तेव्हापासून सोसायटीतल्या सगळ्यांना शिकवतो. वरच्या आकड्यात खालचा आकडा दोनदा मिळवा, तिनाने भागा. ८४ अधिक ९२, भागिले ३, अठ्ठावन्न पॉइंट सात. ही सरासरी पासष्टच्या खाली नको. दोन सलाईननंतर ९२ आणि ४८ आलं. मुलगा म्हणाला, "बाबा, सुधारतंय." मी भागाकार केला, बासष्ट पॉइंट सात. सिस्टरनेही केला असावा, कारण ती तोवर नॉरॅडची सिरिंज भरायला लागली होती.

नॉरॅड म्हणजे नॉरॲड्रिनलिन. आकसलेल्या बजेटवर घर चालवावं तसं हे औषध शिरा आवळून आहे तेवढ्या रक्तावर बीपी धरून ठेवतं. पहिले दोन तास ते दंडाजवळच्या मोठ्या शिरेतून दिलं, कारण मानेतली नळी टाकेपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. ती वेळ माझ्या लक्षात राहिली ती एका ब्रदरमुळे, म्हणजे पुरुष नर्समुळे. दर थोड्या वेळाने यायचा, सुईच्या भोवतीची कातडी बोटाने दाबून बघायचा, पांढरी पडली का, गार झाली का, सूज आहे का. औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथलं मांस काळं पडून मरतं. तो नुसता मॉनिटर बघून गेला असता तरी कोणी विचारलं नसतं.

आयसीयूत माझं जाणं दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. बाहेरच्या हॉलबद्दल फार लिहीत नाही. लोखंडी खुर्च्या, एक टीव्ही, त्यावर दिवसभर एकच प्रवचन. कँटीनच्या पोह्यांवर जीरावन मागितलं तर मुलाने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी परदेशातून आलोय. एक तारा तिथेच कापायला हवा होता.

दुसऱ्या रात्री सव्वादोनला हॉलमध्ये आमच्या नावाचा पुकारा झाला. ज्याचं माणूस आत असतं त्याला रात्रीच्या पुकाऱ्याचा अर्थ माहीत असतो. चप्पल न घालताच पळालो. दारात केरळच्या सिस्टर उभ्या. "अंकलजी, घबराने का नहीं है। माताजी को छत पर चींटियाँ दिख रही हैं, लाइन खींच रही हैं। आप पास बैठिए।" मग विचारलं, "चश्मा कहाँ है इनका?"

चष्मा माझ्या पिशवीत होता. पहिल्या दिवशी दागिन्यांबरोबर काढून दिला होता, तो तसाच. तो लावला, हाताला हात लागला, सिस्टर हळू आवाजात तिला सांगायला लागल्या: आज काय तारीख, आपण कुठे आहोत, ही नळी कसली, मी कोण. डोक्यावरचा दिवा बंद केला. हात बांधले नाहीत. शेजारच्या शहरातल्या एका ठिकाणी माझ्या मेव्हण्याचे हात पलंगाला बांधून ठेवलेले मी पाहिले आहेत, तो जाईपर्यंत मनगटांवर वळ होते. इथे त्याऐवजी नियम मोडून मला पहाटे पाचपर्यंत स्टूलवर बसू दिलं. सेप्सिसमध्ये मेंदूही भरकटतो, तो वेडेपणा नव्हे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं.

आणि त्या तीन तासांत मी त्यांची वही पाहिली.

पलंगाच्या पायथ्याशी मोठा ताव. आडवे तास, उभे रकाने. डावीकडे आत गेलेलं: सलाईन, औषधं, पंपातून जाणारे थेंबसुद्धा. उजवीकडे बाहेर आलेलं, म्हणजे मुख्यतः लघवी. खाली शिल्लक, सकाळी सातला बेरीज, पुढच्या शिफ्टला पुढे ओढलेली बाकी. अहो, ही तर खतावणी! तीही अशी की कुठे खाडाखोड नाही, चुकलं तिथे एकच आडवी रेघ आणि बाजूला सही. माझ्या हाताखालच्या मुनिमांना ही शिस्त लावता लावता माझे केस गेले.

लघवीच्या पिशवीला तासाचा वेगळा डबा असतो, त्यावर मिलीच्या रेघा. वजनाच्या निम्मे मिली दर तासाला यायलाच हवं, म्हणजे हिला २९. मी मागची पानं पाहिली. पहिल्या दुपारी दोन वाजता १२, तीनला ८, चारला १५, पाचलाही १५. आठ लिहिलंय तिथे लाल गोल आणि डॉक्टरला फोन केल्याची वेळ. रात्री नऊला ३५, मध्यरात्री ५०. इंदूरकराला एक दिवसाआड येणाऱ्या नर्मदेच्या नळाची वाट बघायची सवय आहे, पण मी इतक्या आतुरतेने कुठल्या धारेची वाट पाहिली नाही. चौकशीला आलेल्या साडूंना मी "कशी आहे"च्या उत्तरात "पंचेचाळीस" म्हणालो. त्यांना वाटलं पल्स.

त्या रात्री आणखी एक गोष्ट पाहिली. पंपातली सिरिंज संपत आली होती. मला वाटलं, संपली की दुसरी लावतील. सिस्टरने संपायच्या आधीच दुसरा पंप शेजारी चालू केला, त्याचा जोर बसू दिला, मॉनिटरकडे बघत बघत पहिला उतरवला. माझ्या डोळ्यांसमोर बीपीची रेघ जरा थरथरली आणि सावरली. हे औषध रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं, मध्ये खंड पडला की बीपी कोसळतं. गल्ल्यावरचा माणूस बदलताना दुसरा येऊन बसल्याशिवाय पहिला उठत नाही, तसंच.

मग त्यांनी चादर वर केली आणि गुडघे पाहिले. मी विचारलं, गुडघ्यात काय? पहिल्या दिवशी गुडघ्यांभोवती जांभळट जाळी होती, भिजलेल्या कागदावर शाई पसरावी तशी. ती जाळी वर मांडीकडे सरकली तर वाईट, विरली तर चांगलं. त्यांनी हिच्या बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोडलं आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजलं. तीनच्या आत हवा. तो दोनमध्ये आला. कोट्यवधींची यंत्रं भोवती पिपाण्या वाजवत असताना ही बाई बोट दाबून बघत होती! लॅक्टेट तोवर ४.६ वरून १.८ वर आलं होतं, म्हणजे यंत्रही तेच म्हणत होतं. पण यंत्राचा आकडा सहा-सहा तासांनी, हिचं बोट दर तासाला.

साखरेचंही तसंच. मी विचारलं की बोटाला टोचत का नाही, मनगटातल्या नळीतूनच रक्त का घेता. "उंगली तक खून अभी ठीक से नहीं जा रहा अंकलजी, वहाँ की शुगर झूठ बोलेगी।" १८० च्या वर गेली की इन्सुलिनचा पंप, आणि तो चालू असला की दर तासाला तपासणी.

बाकी चटकन सांगतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचांखाली उशी, पाठीची कातडी बघायची. डोक्याकडचा पलंग उंच. ओल्या बोळ्याने ओठ आणि जीभ पुसायची. (हिला त्या पाच दिवसांतलं काहीएक आठवत नाही, फक्त "कोणीतरी ओठ ओले करत होतं" एवढं आठवतं.) मानेतल्या नळीवरच्या पारदर्शक पट्टीवर तारीख. औषध देताना नळीचं टोक आधी घासून पुसायचं. आणि हात. प्रत्येक पलंगाशी सॅनिटायझर होता आणि तो संपत होता, ही माझ्या मते खरी तपासणी, कारण भिंतीवर लटकलेली भरलेली बाटली मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. एकदा मोठे डॉक्टर राउंडला आले, मागे चार छोटे डॉक्टर, आणि थेट हिच्या पोटाला हात लावायला वाकले. केरळच्या सिस्टर म्हणाल्या, "सर, हाथ।" एवढंच. सरांनी निमूट हात चोळले. त्या दोन शब्दांसाठी अर्धा तारा जास्तीचा देता आला असता तर दिला असता.

तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला, ई. कोलाय नावाचा जंतू निघाला. तो संगणकावर आलेला आधी सिस्टरने पाहिला, डॉक्टर जेवायला गेले होते, तिथे फोन करून सांगितला, आणि तीनच्या डोसाला जड अँटिबायोटिक जाऊन नेमकं आणि साधं सुरू झालं.

उणं काढायचंच तर आयसीयूत दोन गोष्टी. पहाटे शिफ्ट बदलताना गप्पा मोठ्याने होतात. आणि नातेवाइकांना रोज ठरावीक वेळी कोणी बसवून सांगत नाही, जे कळतं ते पलंगाशी रेंगाळून. पण पाच ते पाच.

१४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, वॉर्डात हलवलं. नॉरॅड दोन दिवसांपूर्वी सुटलं होतं, ही मला "अहो" म्हणायला लागली होती. मुलाने आयसीयूत तिळगूळ वाटला. केरळच्या सिस्टरांनी वॉर्डासाठी कागदावर चार ओळी लिहून दिल्या, त्यात एक ओळ होती: लघवीची नळी उद्या काढावी.

आता वॉर्ड.

नळी उद्या निघाली नाही, परवाही नाही. जिला लघवीच्या संसर्गाने या दारात आणलं तिच्या लघवीच्या वाटेत गरज नसलेली नळी. ती जितके दिवस आत तितकी नव्या जंतूंना वाट. पिशवी एकदा जमिनीवर टेकलेली, एकदा एक्स-रेला नेताना वॉर्डबॉयने ती उचलून चक्क हिच्या पोटावर ठेवली, म्हणजे आतलं उलटं परत जायला उतार! मी ओरडलो तर म्हणाला, "अंकल, दो मिनट की बात है।" शेवटी १७ तारखेला भाचीने डॉक्टरांशी बोलून ती काढायला लावली. हातावरच्या सुईची जागा लाल झाली होती, ते मी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सुई बदलली.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. वॉर्डातही पलंगाला ताव लावलेला असतो. १५ तारखेच्या सकाळी मी तो उचलला. रात्री दहा: बीपी १२०/८०, पल्स ८०, श्वास १८. रात्री दोन: बीपी १२०/८०, पल्स ८०, श्वास १८. सकाळी सहा: १२०/८०, ८०, १८. तीनही ओळी एकाच पेनाच्या, एकाच तिरकेपणाच्या, शाई एकाच दाबाची. रात्री दोनला मी जागाच होतो. कोणी आलं नव्हतं.

खोटी वही ओळखायला मला कोणी शिकवायला नको. खऱ्या व्यवहाराचे आकडे ओबडधोबड असतात, १०७, ६३, ९१. शून्याने संपणारे आकडे एकाखाली एक आले की समजावं, बसून भरलेत. मी घरून आणलेलं बीपीचं मशीन लावलं: १०४/६२. भागाकार केला, शहात्तर, म्हणजे काही वाईट नव्हतं. पण श्वास मोजला तर बावीस. तिथे अठरा लिहिलेलं. भाची म्हणते, सेप्सिस पुन्हा उलटत असेल तर आधी बदलतो तो श्वास, आणि सगळीकडे न मोजता लिहिला जातो तोही श्वासच, कारण वॉर्डात त्याला मशीन नाही, मिनिटभर उभं राहावं लागतं.

मी तो ताव घेऊन काउंटरवर गेलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो. तिथे एक मुलगी बसली होती, धारची, असेल तेवीस-चोवीस वर्षांची. मी काही न बोलता तीन ओळींवर बोट ठेवलं. तिने पाहिलं, लाल झाली, खोटं बोलली नाही. "अंकल, रात को हम दो थे। बाईस पेशंट। उसमें एक को खून चढ़ रहा था और एक गिर गए थे।" मी बावीस पलंग मोजून आलो. बावीसच होते. परत येईपर्यंत ती मशीन घेऊन हिच्याशी उभी होती आणि घड्याळाकडे बघत श्वास मोजत होती. त्यानंतर तिच्या ड्युटीत आकडे ओबडधोबड यायला लागले.

म्हणून हे दोन तारे तिचे नाहीत, कोणत्याही सिस्टरचे नाहीत. बावीस जणांमागे दोन मुली उभ्या करून जो दिवसाचे पाचशे लावतो त्याचे आहेत. आयसीयूत हिच्यामागे पहिले दोन दिवस एक सिस्टर एकटी होती, नंतर दोन पलंगांना एक. माणूस तोच, दवाखाना तोच, मधे फक्त एक लिफ्ट.

डिस्चार्जला सात मिनिटं लागली, त्यातली पाच बिलाची. पुढे काय होईल हे कोणी सांगितलं नाही. महिन्याने हिचे केस मूठमूठ गळायला लागले, जिना चढताना पाय लटपटायचे, रात्री तीच मुंग्यांची स्वप्नं, फोडणीत मोहरी घातली की नाही ते आठवायचं नाही. आम्ही घाबरलो. भाची म्हणाली, एवढ्या आजारानंतर हे पुष्कळांना होतं, महिने लागतात. हे एका कागदावर छापून द्यायला दवाखान्याला किती खर्च आला असता? एक रुपया धरा. ताप असो नसो, थंडी वाजली, बरळली, श्वास वाढला, लघवी कमी झाली तर लगेच आणा, एवढं तरी. दवाखान्यातून नंतर एक फोन आला, "एक से दस में कितने नंबर देंगे?" मी म्हटलं, कोणता मजला ते सांगा, मग नंबर सांगतो. फोनवरच्या मुलीच्या संगणकात मजल्याची जागा नव्हती.

पार्किंग: मागच्या गेटने जा, पुढे गाडी लावायला चाळीस रुपये घेतात. मेडिकल: आवारातलंच घ्यावं लागतं, बाहेरचं चालवत नाहीत. लिफ्ट: तीनपैकी एक बंद.

मार्चमध्ये तपासणीला गेलो तेव्हा हिला आयसीयूच्या दारापर्यंत नेलं. ओठ ओले करणारी कोण ते हिला बघायचं होतं. केरळच्या सिस्टर बाहेर आल्या. रोज नवी माणसं, आम्हाला ओळखणार कुठे? हिच्या चेहऱ्याकडे पाहून त्या कोऱ्याच राहिल्या. मी म्हटलं, "सात नंबर। चश्मा।" तेव्हा हसल्या, हिचे दोन्ही हात धरले, बोटांची टोकं सवयीने दाबली आणि विचारलं, "माताजी, यूरिन कितना हो रहा है?"

मी घरी वही ठेवलीच होती. खिशातून काढून वाचलं, "काल चोवीस तासांत सोळाशे ऐंशी."

लिफ्टमध्ये ही माझ्याशी बोलली नाही. तळमजल्यावर आल्यावर म्हणाली, "अहो, तिथे वीस माणसं उभी होती."